लोकशाहीची उमेदवारी

१ जुलै १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत एक शाळा काढली. नाव ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’. राजकारणात पडू इच्छिणाऱ्या, विधिमंडळात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना इथं रीतसर शिकवायचं, असा बेत होता. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल एस. एस. रेगे कारभार पाहत. पहिल्या तुकडीत विद्यार्थी १५. वक्तृत्व या विषयावर खुद्द बाबासाहेब बोलणार होते, ते राहूनच गेलं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि १९५७ च्या मार्चमध्ये शाळा बंद पडली.

चरित्रग्रंथांत ही हकीकत दोन-चार ओळींत उरकते. धम्मदीक्षेच्या वर्षात ती झाकोळून जावी यात नवल नाही. पण प्रकृती पार ढासळलेली, बुद्धावरचा ग्रंथ पुरा करायची घाई, आणि तशात हा माणूस राजकारणाची शाळा काढतो. ज्यानं घटनेचा मसुदा हातावेगळा केला, त्याच्या लेखी ती राबवणारी माणसं आपोआप तयार होणार नव्हती. सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची ‘पार्लमेंट’ भरायची, बाबासाहेब तिच्यापुढं बोलायलाही गेले होते. म्हणजे ही शाळा एकाएकी सुचलेली नव्हे.

आज एखाद्या मुलीनं घरी सांगितलं की मला राज्यकारभारात काम करायचंय, तर तिला कुठली वाट दाखवतात? बहुतेक वेळा एकच. एसटीत बसायचं, पुण्याला यायचं, सदाशिव पेठ किंवा नवी पेठ गाठायची. तिथं अभ्यासिकेत एक खुर्ची, एका खोलीत चौघींमध्ये एक कॉट, मेसचा डबा. टेबलावर लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक, त्यात चार रंगांचे हायलायटर फिरलेले. ओळख करून देताना नाव, जिल्हा आणि मग लगेच ‘कितवा अटेम्प्ट?’ दिवाळीला गावी जायचं की नाही, हा इथला दर वर्षीचा अवघड प्रश्न. कारण गावी गेलं की तोच प्रश्न नातेवाईक विचारतात, आणि त्यांना आकडा नाही, निकाल हवा असतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले, ५,९२,१४१ जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले. शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. साधारण हजार अर्जांमागं एक. राज्यसेवेचं गणित वेगळ्या आकड्यांचं आहे, निराळ्या स्वभावाचं नाही. उरलेल्यांचं काय होतं, हा विषय आपल्याकडं फक्त आत्महत्येची बातमी आली की निघतो.

सरकारही याच वाटेवर पैसा घालतं. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून मुलांना तयार करते. पुण्यात यशदाचं केंद्र आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीचा खर्च उचलतात, दिल्लीलाही पाठवतात. याला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. ज्या घरात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात हेलपाटे घातले गेले, त्या घरातली मुलगी उद्या तहसीलदार होणं ही मोठीच गोष्ट आहे. माझी तक्रार दुसरी आहे. ही सगळी तयारी पदाची आहे. पंचायत राज्याची कलमं पाठ, पण आपल्याच गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त कधी हातात घेतलेलं नाही, अशी मुलं मला पेठांत इतकी भेटली की आता आश्चर्य वाटत नाही. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. मागणी होती की राज्यसेवेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करा. सरकार आणि राज्य लोकसेवा आयोग नमले. वर्षानुवर्षं चार पर्यायांतला एक निवडण्याचा सराव केलेल्या मुलांना एकदम सविस्तर लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी वेळ मागितला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण प्रशासनात आयुष्य काढायचं ते टिपण्या लिहिण्यातच.

पदाभोवती जे काम असतं, ते कुणीतरी करतंच. ते शिकवण्याची सोय कुठं आहे?

हे काम म्हणजे काय, ते एका कागदावरून दाखवतो. विधिमंडळातला तारांकित प्रश्न. त्याचा साचा पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. ‘(१) अमुक तालुक्यातील अमुक गावाच्या पाणीपुरवठा योजनेचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा ठरलेला. ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ संपला प्रश्न. कधी ‘हे अंशतः खरे आहे’ असं येतं, तेव्हा जाणकार सावध होतात, कारण त्या ‘अंशतः’मध्ये बरंच काही दडलेलं असतं.

आता याच प्रश्नाची दोन रूपं पाहा. कच्चा लिहिणारा पहिल्या भागातच ठोकून देतो: योजनेत प्रचंड भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय? खात्यातला कक्ष अधिकारी चहाचा कप खाली न ठेवता ‘हे खरे नाही’ लिहून मोकळा होतो. मुरलेला लिहिणारा योजनेचं कागदोपत्री नाव देतो, कार्यारंभ आदेशाची तारीख देतो, काम कधी पुरं व्हायचं होतं ते देतो, ठेकेदाराला आजवर किती बिल अदा झालं ते देतो आणि मग विचारतो की हे खरे आहे काय. आता ‘खरे नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. ‘होय’ आलं की पुढचे तीन भाग जिवंत राहतात आणि सभागृहात उपप्रश्नाला तोंड फुटतं. चार ओळींचा मजकूर, पण त्यामागं जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातली एक चक्कर असते, माहिती अधिकाराचा एक अर्ज असतो, मागच्या अधिवेशनात याच विषयावर काय उत्तर मिळालं होतं त्याचा शोध असतो आणि कुठल्या लेखाशीर्षाखाली पैसा आला, पुरवणी मागणीत किती वाढला, याची उकल असते. हे सगळं मुदतीच्या आत. लोकसभेत तर किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, नंतर सोडत निघते आणि दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न जेमतेम २० लागतात. २३० अतारांकित राहतात, त्यांना लेखी उत्तर.

आपल्या राज्यात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ असे मिळून ३६६ आमदार आहेत. त्यांच्यासाठी हे काम कोण करतं? आमदाराला स्वीय सहायक असतो. तो फोन घेतो, शिफारसपत्रं टाइप करतो, बदल्यांचे अर्ज गोळा करतो, लग्नाच्या पत्रिकांची यादी ठेवतो, दहाव्याला कुणाकडं जायचं ते साहेबांना आठवण करून देतो. त्यातून वेळ उरला तर प्रश्न. म्हणून मग वर्तमानपत्राचं कात्रण समोर ठेवून प्रश्न बेतले जातात. ज्यांच्याकडं अभ्यासाची माणसं आहेत असे आमदार सभागृहात वेगळे उठून दिसतात. अधिवेशन कव्हर करणाऱ्या कुठल्याही बातमीदाराला विचारा, तो बोटांवर नावं मोजून दाखवेल. बाकीच्यांकडं बुद्धी नसते असं नाही, माणूस नसतो.

आपल्याकडं हे कधीच नव्हतं, असंही नाही. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचं पहिलं गाजलेलं भाषण केलं. देशात दुष्काळ आणि सरकारी तिजोरीत शिल्लक, ही शिल्लक लोकांवरच्या जादा कराची आहे, असा त्यांचा हिशोबी हल्ला होता. गोखले थोर होतेच. पण त्या आकड्यांमागं आणखी एक माणूस होता, गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी हायस्कुलातले हेडमास्तर. (सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते वेगळे, दोघांची गल्लत पुष्कळदा होते.) सरकारी अहवाल पिंजून काढायचे, रकाने जुळवायचे, टिपणं करून गोखल्यांना पाठवायची, हे जोशींचं काम. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढं गोखल्यांनी दिलेली साक्ष असो की पुढची अंदाजपत्रकी भाषणं, जोशींच्या टिपणांवाचून ती तशी उभी राहिली नसती. त्यांचा पुतळा मी तरी कुठं पाहिलेला नाही.

गोखले स्वतः न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झालं, पुढं ते गोखल्यांनी सांभाळलं. रानडे त्यांच्याकडून सरकारला पाठवायचे अर्ज लिहून घेत, सरकारी कागद वाचून घेत. या उमेदवारीची आठवण मनात होती म्हणूनच असेल, १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढताना गोखल्यांनी सभासदाला पाच वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. काही काळ पुण्यात ग्रंथालयात बसून अभ्यास, काही काळ देशभर भ्रमंती, आणि चरितार्थापुरता तनखा. तनखा महत्त्वाचा. या शिस्तीतून श्रीनिवास शास्त्री आले, ठक्करबाप्पा आले, हृदयनाथ कुंझरू आले. ना. म. जोशी आले, ज्यांनी १९२० मध्ये आयटक उभी करण्यात पुढाकार घेतला आणि मध्यवर्ती कायदेमंडळात वर्षानुवर्षं कामगारांची बाजू मांडली. भारत सेवक समाजाच्याच आवारात १९३० मध्ये गोखले राजकारण आणि अर्थशास्त्र संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. नावात राजकारण आधी आहे, नाव झालं ते अर्थशास्त्रात.

आजच्या काळात या घराण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट दिल्लीत आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून खासदारांसाठी विधेयकांचे साधे, निःपक्ष गोषवारे तयार करते. २०१० च्या सुमारास तिनं ‘लॅम्प’ नावाची फेलोशिप सुरू केली. एक पदवीधर तरुण, एक खासदार, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत. प्रश्नांचे मसुदे, शून्य प्रहराची टिपणं, खासगी विधेयकं, चर्चेसाठी आकडेवारी. खासदार कुठल्याही पक्षाचा असू शकतो, मुलाचं मत काहीही असू शकतं. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचा युक्तिवाद त्याच्याच बाजूनं भक्कम करून द्यायचा, ही या कामातली खरी परीक्षा. ज्याला ती जमली त्याला कुठलीही टिपणी अवघड नाही. मला हे प्रशिक्षण देशातल्या कुठल्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमापेक्षा मोलाचं वाटतं. पण ते वर्षाला मूठभरांना मिळतं आणि इंग्रजीतून मिळतं. मुंबईच्या विधान भवनात मराठीतून असं काही असतं तर!

मुंबई-नागपुरात अगदीच काही नाही, असं म्हणता येणार नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे संसदीय अभ्यासवर्ग भरतो. राज्यातल्या विद्यापीठांतले राज्यशास्त्राचे आणि लोकप्रशासनाचे विद्यार्थी येतात, मंत्री आणि ज्येष्ठ सदस्य त्यांच्यापुढं बोलतात, गॅलरीत बसून कामकाज पाहायला मिळतं. विदर्भातल्या एखाद्या खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. उपक्रम चांगला आहे. पण काही दिवस बघून कुठलं काम हाताला लागतं? भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून लोकप्रतिनिधींचे वर्ग घेते, तिच्याच आवारात २०१७ पासून पदवीधरांसाठी नेतृत्वाचा अभ्यासक्रम चालतो. संस्था संघविचाराची आहे, हे ती लपवत नाही. इतर विचारांच्या मंडळींनी तिला नाकं मुरडण्याऐवजी आपली एखादी प्रबोधिनी इतकी वर्षं नेटानं चालवून दाखवायला हवी होती. पुण्यात एमआयटीनं २००५ मध्ये राजकीय नेतृत्वाची शाळा काढली. तिथं फी भरून शिकायचं. १९२६ साली मुंबईत निघालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकापासून नगरपालिकेच्या लेखापालापर्यंत माणसं घडवते. तिच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही, पण पालिकेचा दवाखाना आणि कचऱ्याची गाडी ज्यांच्या भरवशावर चालते, त्यांतले कितीतरी तिथूनच शिकून आलेले असतात.

सरकारचे दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा आली. २१ ते २६ वयाचे ६० पदवीधर, वर्षभर जिल्हाधिकारी कार्यालयात, महापालिकेत किंवा मंत्रालयातल्या एखाद्या खात्यात काम आणि जोडीला आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. मानधन सन्मानाचं, ओळखपत्र वजनदार. दुसरा प्रयोग २०२४ चा, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. यातली पुष्कळ मुलं ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, तहसील कचेरीत कामाला लागली. आणि तिथं त्यांनी खरोखर काम केलं, कारण तिथं माणसंच नव्हती. जागा रिकाम्या, टेबलावर ढीग, आणि एक संगणक येणारी मुलगी आयती मिळाली. तिनं दाखले काढले, ऑनलाइन माहिती भरली, लाभार्थ्यांचे अर्ज चढवले. मुदत संपली तेव्हा या मुलांनी मोर्चे काढले. आम्हाला कायम करा.

मोर्च्यावर अनेकांनी डोळे वटारले. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, असं म्हणाले. कायद्यानं ते बरोबरच. पण सरकारनं या मुलांना नेमकं काय शिकवलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. अकरा महिन्यांनंतर हातात आलेल्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत नाही आणि ज्या टेबलावर ती बसली ते टेबल पुन्हा रिकामं. साठ जणांच्या प्रयोगाला आयआयटीचा अभ्यासक्रम जोडता येतो, तर गावपातळीवरच्या मुलांना ग्रामपंचायतीचे नमुने, अंदाजपत्रक, ग्रामसभेचं कामकाज एवढं तरी रीतसर शिकवायला यशदा काही लांब नव्हती.

ग्रामसभेचं कामकाज म्हटलं की शहरी वाचकाला ते किरकोळ वाटतं. तसं नाही. कायद्यानं सात दिवस आधी सूचना लागते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! ज्याला गावात सत्ता चालवायची त्याला हा बारकावा पाठ असतो. पहिली सभा भर मळणीच्या दिवशी ठेवायची, ती तहकूब होऊ द्यायची, मग पुढच्या सभेत दहा-बारा जणांत विषय मंजूर. वित्त आयोगाच्या निधीतून गावात गटार होणार की सभामंडप, हे त्या दहा-बारा सह्यांवर ठरतं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, विरोध नोंदवला की नाही, सह्या ठरावाच्या खाली आहेत की कोऱ्या पानावर, हे पाहायला शिकलेली एक मुलगी गावात असली तर गोष्टी बदलतात. महाराष्ट्रात अशा सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. २०११ पासून त्यांतल्या निम्म्या जागा बायकांच्या. पहिल्यांदा निवडून आलेल्या सरपंचताईंना ‘इथं सही करा’ म्हणणारे चौघे भेटतात, ‘आधी वाचून दाखवते’ म्हणणारी एखादीच.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गाव या बाबतीत अवघ्या देशाचं गुरुकुल ठरलं आहे. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट चालत आले. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसत, कायदा वाचत, शंका काढत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीनं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव आधीच तयार होतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखातं ग्रामसभेच्या हाती देईना, तो झगडा चालला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन ते पुस्तक देऊन गेले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा मोठा व्यवहार स्वतः करू लागल्या. लिलावाची जाहिरात, व्यापाऱ्याशी करार, मजुरीचं वाटप, बँकेची खाती, ऑडिट, जंगलाचा आराखडा. हे काम करणारी माणसं गावातली हवीत, गोंडी बोलणारी हवीत आणि हिशोबात पक्की हवीत. लोकशाहीत करिअर कुठं आहे, असं विचारणाऱ्याला मी आधी गडचिरोलीचं तिकीट काढायला सांगेन.

आपली विद्यापीठं काय करतात? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानं ‘लोकशाही, निवडणूक व सुशासन’ हा दोन श्रेयांकांचा विषय पदवीच्या पहिल्या वर्षाला सर्वांसाठी ठेवला. राज्य निवडणूक आयोगाचा त्यासाठी आग्रह होता. विषय उत्तम. आता त्याच वर्गातला विद्यार्थी बाहेर व्हरांड्यात आला की त्याला काय दिसतं? मुंबईत १९८९ मध्ये कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि खुल्या निवडणुका थांबल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यानं खुली निवडणूक परत दिली. २०१९ मध्ये ती घ्यायचं ठरलं, विधानसभेच्या निवडणुकीचं कारण सांगून पुढं ढकललं, मग करोना आला, आणि गाडी तिथंच रुतली. निवडणूक कायद्यात आहे, अभ्यासक्रमात आहे, कॉलेजात नाही. मतदारयादी करणं, अर्जांची छाननी, आचारसंहिता, मतमोजणी, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये जिंकणाऱ्यासमोर बसून चहा पिणं, हे शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही. हिंसाचाराचं भय खोटं नाही. पण त्यावर लिंगडोह समितीनं २००६ मध्येच खर्चाची मर्यादा, वयाची अट, वेळापत्रक असं सगळं लिहून दिलेलं आहे.

मोठ्यांनी तरी कुठं चांगला धडा घालून दिलाय! मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडंच होता. त्या काळात अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांना नगरसेवक म्हणजे काय हे पुस्तकात वाचावं लागलं. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली होती, देशभर तिचं नाव झालं. पण सुचवलेल्या कामाचा पाठपुरावा करायला प्रभागात निवडून आलेला माणूसच नसेल, तर अर्ज भरणं म्हणजे देवाला चिठ्ठी टाकणं.

निवडणूक घेणं ही आपली कमावलेली विद्या आहे, आणि तिला परदेशातही मान आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गणिताचे माणूस होते. १९५१-५२ मध्ये सतरा कोटींहून अधिक मतदारांची निवडणूक त्यांनी पार पाडली, तर १९५३ मध्ये सुदाननं आपली पहिली निवडणूक घेण्यासाठी त्यांनाच बोलावून घेतलं. स्टॉकहोमच्या ‘इंटरनॅशनल आयडिया’ या संस्थेचा भारत १९९५ पासून संस्थापक सदस्य आहे. आपल्या निवडणूक आयोगानं २०११ मध्ये दिल्लीत स्वतःची प्रशिक्षण संस्था काढली, तिथं इतर देशांचे अधिकारी शिकायला येतात. परदेशी जाऊन ‘गव्हर्नन्स’मध्ये मास्टर्स करणाऱ्या मराठी मुलांची नजर बहुधा अशा आंतरराष्ट्रीय संस्थांवर असते. त्यांना एवढंच सांगायचं की हे क्षेत्र मुख्यतः अमेरिकेच्या आणि युरोपच्या पैशावर उभं होतं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड बंद केली तेव्हा जगभर लोकशाही-साहाय्याची कामं रातोरात थांबली. कर्ज काढून ती पदवी घ्यायची असेल तर दहा वेळा विचार करा.

देशातला पैसा कुठं आहे, तेही स्पष्ट सांगायला हवं. मुंबईत ‘प्रजा’ नगरसेवक आणि आमदारांच्या कामाचा लेखाजोखा काढते, ‘समर्थन’चं केंद्र राज्याच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास करून आमदारांना पुरवतं, दिल्लीतली एडीआर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचते. तिथं जागा थोड्या आणि पगार बेताचे. दुसरीकडं २०१४ नंतर निवडणूक सल्लागार कंपन्यांचं पीक आलं. तिथल्या वॉर रूममध्ये त्याच शिक्षणाच्या मुलाला झटकन बरा पगार मिळतो. बूथनिहाय आकडे, घोषणा, रील. निवडणूक संपली की खोली रिकामी. निवडून आणण्याच्या कामाला पैसा आहे, निवडून आलेल्याला काम करायला मदत करण्याला नाही. ही व्यवस्था आपल्याच प्रतिनिधींनी चालवली आहे आणि तेच ती बदलू शकतात. एका आमदाराला एक संशोधन सहायक, विधिमंडळाच्या खर्चानं, परीक्षा घेऊन निवडलेला, पक्ष कुठलाही असो. फक्त ३६६ पदं. राज्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च भिंग लावून शोधावा लागेल.

तोवर वाचकांना एक काम. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना पोस्टकार्ड टाका: तुमचे प्रश्न कोण लिहितं, आणि त्याला पगार किती? आणि घरातल्या मुलीनं दुसऱ्या अपयशानंतर ‘मला आता परीक्षा नाही द्यायची, पंचायतीच्या हिशोबाचं काम शिकायचंय’ असं सांगितलं, तर तिला लगेच स्थळं बघायला घेऊ नका. तिला वर्षभराचा खर्च द्या.